लग्नाआधीची कॅसेट

वडवणीच्या राधाकिशननं जन्मभर गावोगावच्या सप्ताहांतली भजनं टेप करून जपली होती. मधे कुणी खोकलं, पोर रडलं, तरी तो काही पुसत नसे.

आज लग्नाआधीची एक कॅसेट ऐकताना, पखवाजाच्या मागं कपबशी फुटली आणि एक बाई रडत ओरडली, "अवो, उठा की!"

आवाज त्याच्या बायकोचा होता.

त्यानं छबुबाईला बोलावून ऐकवलं.

"मी कावून रडू? तवा तर मी तुमाला बघितलंबी न्हवतं," ती चिडून म्हणाली. "बंद करा ते. च्या आणते."

त्यानं टेप बंद केला. कॅसेट मुठीत आवळून तो डोळे मिटून बसला.

कपबशी फुटली.

"अवो, उठा की!"

पण कॅसेट तर मुठीतच होती. त्यानं मूठ उघडून बघायचं ठरवलं.

मूठ उघडेना.