पाठांतर

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून चांगदेवानं सोजरला दोन दिवस पुण्याला न्यायचं ठरवलं. भांडगावच्या घरात अकरा माणसं, त्यामुळं लॉजवर दोघांचीच खोली, या नुसत्या विचारानंच सोजर आठवडाभर हरखून गेली होती. पण गावातल्या एका जाणत्यानं बजावलं होतं, "लॉजवाले बाईला बाजूला घिऊन नवऱ्याचं नाव इचारत्यात. अडखळली, की खोली न्हाई."

सोजरनं तर आजवर रेशनच्या दुकानातसुद्धा धन्याचं नाव शेजारणीला सांगायला लावलेलं. म्हणून एस.टी.त बसल्यापासून चांगदेव तिचं पाठांतर घेत होता. यवत येईपर्यंत ती नुसतीच लाजली. उरुळीला पदराआडून "चांग" आलं, लोणीला "देव" आला. हडपसरला मात्र तिनं सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट असं खणखणीत म्हणून दाखवलं, की कंडक्टरनं वळून बघितलं.

लॉजच्या मॅनेजरनं रजिस्टर उघडून गाव लिहून घेतलं, चांगदेवाला बाहेर पायरीवर थांबवलं आणि सोजरला नवऱ्याचं नाव विचारलं. जीभ झडली तर झडली, असं म्हणून तिनं डोळे गच्च मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "चांगदेव म्हातारबा शेळके!"

मॅनेजरनं उघडलेलं रजिस्टर शांतपणे मिटलं.



"बाई, मी तुमच्या भांडगावशेजारच्या पाटसचा हाय. आपल्याकडं लग्नाची बायको नवऱ्याचं नाव घेती व्हय?"