कुत्र्याच्या वाट्याचं काळीज

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरली. "सिदूच्या फुफ्फुसात पाण्याची गाठ आहे. यकृतातही आहे. घरी कुत्रं आहे?"

"मेंढरं राखतंय. सिदूचा लई जीव त्याच्यावर," सिदूची आई मायाक्का म्हणाली.

"बकरं कापल्यावर त्याला काय घालता?"

"फोडं आलेलं काळीज. आपण कुठं खातो तसलं!"

"ताई, त्या फोडांत जंत असतात. ते कुत्र्याच्या पोटात वाढतात, अंडी घालतात. कुत्र्याच्या अंगातोंडाला लागलेली ती अंडी पोरांच्या पोटात गेली, की अशा गाठी होतात."

मायाक्काने तिथूनच मेंढ्यांच्या तळावर नवऱ्याला फोन लावला. "अवो, धाकटीला कुत्र्यापासनं लांब ठेवा!"

तो हसला. "आगं, त्यालाच टेकून जेवतीया. एक घास तिला, एक त्याला."