वळणावरची गाळणी

रस्त्यावर झिजलेल्या टायरांचा चुरा पावसाच्या पाण्याबरोबर नदीत जाऊ नये, म्हणून गटारांच्या तोंडाशी गाळण्या बसवलेल्या होत्या. भरलेल्या गाळण्या सफाईकाम करणाऱ्या मावशींनी काढून आणल्या आणि चुरा जाळायच्या भट्टीकडे न्यायला घेतल्या. महिन्याभराच्या रजेनंतर आजच कामावर आलेल्या अभियंता साहेबांनी त्यांतली एक उचलून हातात धरली.

"ही वळणावरची राहू द्या, मावशी."

"चिमूटभर चुरा सांडला तर आम्हाला फैलावर घेणारे तुम्ही, आणि आज ही घाण जपून ठेवायची म्हणता?" मावशी हसल्या. "द्या इकडे."

साहेबांनी गाळणी सोडली नाही.

"अपघातानंतर रस्ता धुतला, ते पाणी हिच्यातूनच गेलं ना?"

मावशींचं हसू मावळलं. "हो, साहेब. ब्रेकची ही लांबलचक काळी खूण पडली होती. पार धुऊन गेली."

"गेली नाही." गाळणीतल्या काळ्या चुऱ्यावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. "माझ्या लेकीने जगण्यासाठी केलेली शेवटची धडपड आहे ही, मावशी. हिलासुद्धा मीच आगीत टाकू?"