बागेतली बंदी उठली

हंबीररावांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर सदऱ्यावरून चाचपलं आणि बागेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं. ‘बागेत शस्त्र आणण्यास मनाई, परवाना असला तरी’ ही पाटी कालच उतरवली होती. ती उतरवायला लावणारे हंबीरराव. केस त्यांची, निकाल त्यांच्या बाजूचा.

जिंकलेल्या माणसानं खरं तर छाती काढून चालावं. पण हंबीररावांना आत आल्या आल्या कुठंतरी टेकावंसं वाटलं. कोर्टकचेरीत माणूस असाच मऊ पडत जातो. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून बरं, नाहीतर मुंबईचे हेलपाटे घालताना निकालाच्या आधी त्यांचाच निकाल लागला असता.

आणि हे सगळं कुणापायी, तर सयाजीपायी. सयाजी म्हणजे चुलत्याचा पोरगा. गावाकडं, नेसरीला, सामाईक विहिरीवरून दोघांचं फाटलं, आणि भर पंचांत सयाजी म्हणाला होता की एक दिवस तुला आडवा करतो. पुढं दोघंही कोल्हापुरात आले, दोघांच्याही डॉक्टरांनी सकाळचं फिरणं सांगितलं, आणि दोघांनाही जवळची बाग हीच. पालिकेची बंदी आली तशी हंबीररावांची झोप उडाली. वैरी रोज समोरून येणार आणि आपली कंबर रिकामी! भीती वाटते असं काही मराठा गडी वकिलासमोर बोलत नाही. ते हक्काचं बोलले. कोर्टालाही पटलं. परवाना कलेक्टर देणार, त्यात पालिकेनं मधे तोंड घालायचं कारण नाही, असा निकाल आला.

अर्धा फेरा झाला असेल, तोवर समोरून सयाजी आला. रोज तो सदरा वर सोडून यायचा. आज खोचलेला होता. पट्ट्याला कातडी कव्हर, आणि कव्हरातून काळी मूठ वर आलेली.

इतकी वर्षं दोघं माना वळवून एकमेकांना ओलांडत होते. आज सयाजी थांबला.

“दादा, केस लडलास ते लई ब्येस केलंस. माजाबी परवाना कपाटात पडून हुता की.”

हंबीररावांना आधी वाटलं, हा टोमणाच. पण सयाजी अगदी साधेपणानं बोलला, आणि बोलून पुढं निघून गेला. हंबीरराव तिथंच उभे राहिले. बंदी होती तोवर या बागेत सयाजीची कंबरसुद्धा रिकामीच होती, ही एवढीशी गोष्ट त्यांच्या डोक्यात आज शिरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्वतःच कोर्टाच्या पायऱ्या झिजवून वैऱ्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर बांधलं होतं.

त्यांनी आडोशाला जाऊन वकिलाला फोन लावला. राजवर्धन वकील वयानं लहान, तोंडानं फटकळ. त्याला वाटलं काका अभिनंदन करायला उठवतायत. सगळं ऐकून तो हसायलाच लागला.

“निकाल म्हणजे काय सातबारा आहे का काका, तुमच्या एकट्याच्या नावावर चढायला? ज्याच्याकडं परवाना, त्याला मोकळीक.”

पुन्हा बंदी घालून घेता येईल का, असं हंबीररावांनी आवाज खाली घेऊन विचारलं. वकिलानं उलट विचारलं की तब्येत बरी आहे ना.

चालणं तर भाग होतं. फेऱ्याची वाट गोल, त्यात सयाजी आता उलटा वळून हंबीररावांच्याच दिशेनं चालू लागलेला. हंबीरराव पुढं झाले तर सयाजी पाठीशी येत होता आणि त्यांची मान सारखी मागं वळत होती. म्हणून ते मुद्दाम मागं राहिले. तर आता सयाजी दर चार पावलांनी वळून बघू लागला. एकदा त्याचा हात कमरेकडं गेला. हंबीररावांचाही गेला. लोक वाट सोडून गवतातून चालू लागले. हंबीररावांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त या भीतीचाच वीट आला.

शेवटी सयाजी दमून बाकावर बसला. पाठ दाखवून त्याच्या पुढनं जायची छाती हंबीररावांना होईना. तेही त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. इथनं निदान त्याचे हात दिसत होते. सयाजीला धाप लागली होती. औषध घेतोस का नाही, असं विचारायचं हंबीररावांच्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. सयाजीही एकदा काहीतरी बोलायला म्हणून वळला, पण हंबीररावांच्या कमरेकडं बघून परत सरळ बसला. ऊन बाकावर आलं. फिरायला आलेले सगळे घरी गेले.

फाटक बंद करायची वेळ झाली तसा वॉचमन आला. बाग रिकामी करायची हाय, उठा आता, म्हणाला.

“आदी त्येला जाऊ दे,” हंबीरराव म्हणाले.

“मी न्हाय. आदी त्यो,” सयाजी म्हणाला.

वॉचमननं दोघांच्या कमरेकडं पाहिलं. मग तोही लांबच्या कट्ट्यावर जाऊन बसला.