तिसरं वर्ष

"बाई, आईला पुरून तीन वर्षं झाली, कबरीच्या भाड्याची मुदत संपली. हाडं न्यायला या," अथेन्सच्या दफनभूमीतून कबरी खणणाऱ्या पांदेलिसचा फोन आला, तेव्हा मिर्सिनी क्रीटच्या डोंगरावर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी बाईचा सांगाडा कुंचल्याने अलगद मोकळा करत होती.

"येते हो. हाडं काय कुठे पळून जाताहेत?"

एकही हाड न दुखावता उत्खनन संपवून ती उन्हाळ्याअखेर पोचली. आईच्या जागी दुसऱ्याचीच ताजी कबर होती.

"किती वाट बघणार? जागा रिकामी करावी लागली," म्हणत पांदेलिसने बेवारस हाडं टाकायच्या खड्ड्यावरचं झाकण सरकवलं. मिर्सिनीने आत डोकावलं. हाडांचा नुसता ढीग.


"हाडं ओळखणं हेच तर तुमचं काम ना, बाई? उतरा."