घोडीमागची लांडगीण

गुराचा नावाच्या कुत्र्याला धरायचं कोणी, यावर अंगणात सगळं अडलं होतं. कुत्रा शेमसियाचा, पण बालेच्या डोंगरात कुत्रा राखतात, शिवत नाहीत. भाकरी लांबून टाकायची, त्यानं मेंढरं राखायची, एवढाच संबंध. पिसाळू नये म्हणून लस टोचणारा जेइलान सकाळपासून घरोघर फिरला होता. धरायला कोणी पुढे येईना, म्हणून सुई तशीच कोरी. आता उतरला की पावसाळा सरेपर्यंत तो वर येणार नव्हता.

शेमसियाची घोडी महिन्याभरात विणार होती. तिच्या मागे पठारावर एक तांबडी लांडगीण हिंडत होती. घोडी व्याली की वार खायला मिळते, हे लांडगिणीला पक्कं ठाऊक. ते गुराचालाही ठाऊक होतं, म्हणजे वारेवर दोघांची गाठ पडणारच. गेल्या साली एका पिसाळलेल्या कुत्र्यापायी पलीकडच्या कड्यावरचा लांडग्यांचा अख्खा कळप मेला. अलीकडच्या पठारावर ही एकटी उरली, आणि तिची पिल्लं. शेमसियाचा जीव तिच्यात अडकला होता, आणि हे ती कोणापासून लपवतही नव्हती.

जेइलान एक पाऊल पुढे सरकला. गुराचानं दात विचकले.

"थांब, मी धरते," शेमसिया म्हणाली.

"वहिनी, आत्ताच वजू करून हात-तोंड धुतलंस ना?" कुंपणाशी उभा असलेला तिचा दीर तोफिक ओरडला. "नमाजाच्या तोंडावर बाटतेस? तेही एका लांडग्यासाठी?"

"लांडगा उंदीर खातो रे. माझ्या भाकऱ्या तूच खातोस."

तिनं ओढणी खोचली, उकिडवी बसली आणि जवाच्या भाकरीचा तुकडा तळहातावर धरला. गुराचा गोंधळला. भाकरी नेहमी अंगावर येऊन पडायची, आज ती हातातच होती. भीत भीत तो जवळ आला. शेमसियानं त्याच्या मानेला घट्ट मिठी घातली. कुत्रा थरथरला, मग तिचा गाल, हनुवटी, सगळं चाटत सुटला. तेवढ्यात जेइलाननं सुई टोचली.

"लाळ लागली!" तोफिकनं कपाळ बडवलं. "आता सात वेळा धुवावं लागेल, त्यात एकदा मातीनं. पाणी तर पार खालच्या ओढ्यावर!"

शेमसियानं तोंड पुसलंसुद्धा नाही.

"पाणी मागाहून आण," ती म्हणाली. "आधी घरोघरचे कुत्रे हाकून आण. सात वेळा धुवायचंच आहे, तर सगळ्यांचं मिळून एकदाच धुते."