उपाशी पेशी

"म्हणजे उपाशी ठेवलीस तिला?" केतकीच्या आईचा आवाज चढला.

स्नायूंच्या आजारानं गेलेल्या केतकीनं आधीच मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा आमच्या प्रयोगशाळेला दिला होता. त्यातून वाढवलेल्या पेशी या काचेच्या बशीत होत्या. "सध्या उपाशी आहेत," असं मी सहज बोलून गेले होते.

"काकू, भरपूर खायला दिलं की पेशी नुसत्या वाढत बसतात. खाणं कमी केलं की स्नायू घडवणारी जनुकं जागी होतात, पेशी एकमेकींना जोडून धागा होतात. तिचं बिघडलेलं जनुकही दुरुस्त केलंय. बघा तरी."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. धागा आखडला, सुटला, पुन्हा आखडला.

"हलतेय गं," त्या डोळा न काढताच पुटपुटल्या. "आता तरी जेवू घाल तिला."